वाहकाचं ताट

माझ्या पाठीमागे मुली मला लाव्हाबाई म्हणतात. मला ते ठाऊक आहे, आणि मला ठाऊक आहे हे त्यांनाही ठाऊक आहे, त्यामुळे आमचं बरं चाललंय. नाव पडलं ते भूगोलाच्या तासाला. मी खरी विज्ञानाची, पण आमच्या शाळेत शिक्षक कमी पडले की भूगोल कुणाच्या तरी गळ्यात मारतात, तो माझ्या गळ्यात पडला. नववीच्या मुलींना मी सांगत होते, की विहीर खणताना लागतो तो काळा दगड, मनोरच्या डोंगराचा दगड, आपल्या शाळेच्या जोत्याचा दगड, हा सगळा एके काळी जमिनीच्या भेगांतून वर आलेला लाव्हा आहे. थरावर थर साचले, गार झाले, त्याचा बसाल्ट झाला. तेव्हा दुसऱ्या बाकावरची एक मुलगी हात वर करून म्हणाली, "बाई, वरून गार झाला तरी आतून तापलेलाच असंल ना? तुमच्यागत." वर्ग हसला. मीही हसले, आणि मग सवयीने ओरडले.

ही हकीगत त्या मुलीची आहे. तिचं नाव मी लिहिणार नाही. तिच्यावर पुरेशा खुणा करून झाल्यात. ती विक्रमगडच्या वरच्या पाड्यातली. आईवडील उतारावरच्या तुकड्यात भात आणि नागली लावतात, पावसाच्या भरवशावर. दिवाळी झाली की सगळं घर वीटभट्टीवर जातं, भिवंडीकडे नाहीतर वसईकडे, आणि पावसाच्या तोंडावर परत येतं. थोरली बहीण अशीच एका वर्षी भट्टीवर गेली, भाकऱ्या थापायला कुणीतरी हवं म्हणून, आणि तिची शाळा तिथेच संपली. धाकटी हे बघून शहाणी झाली. ती आमच्या शाळेच्या वसतिगृहात हट्टाने येऊन राहिली. अभ्यासात मध्यम, अक्षर वाईट, प्रार्थनेत आवाज सगळ्यात मोठा, आणि जीभ कधी जागेवर नाही. मला अशा मुली आवडतात.

आता मुख्याध्यापकांबद्दल. ते बोईसरला राहतात, विज्ञानाचे पदवीधर आहेत आणि छापलेल्या अक्षरावर त्यांची अतोनात श्रद्धा आहे. डहाणू-तलासरीकडे गेली काही वर्षं जमीन अधूनमधून थरथरते, आणि एखादा धक्का आमच्यापर्यंत पोचतो. एकदा तास चालू असताना खिडकीच्या काचा वाजल्या, खडू टेबलावरून घरंगळला. मी मुलींना घेऊन मैदानात आले. तर हे व्हरांड्यातून सांगतात, की खाणीत सुरुंग लावलाय, आत चला. मी म्हटलं, सर, हा धक्का आहे. त्यांनी मला ऑफिसात नेऊन भिंतीवरचा जुना नकाशा दाखवला. भूकंपाचे पट्टे रंगवलेले होते आणि आमचा भाग त्यात पांढरा होता. हे बघा मॅडम, इथे नाही. मी म्हटलं, जमिनीने हा नकाशा पाहिलेला नाही. त्यांना ते लागलं. पण त्या दिवशी मी नुसती चिडले होते. खरा राग काय असतो ते मला नंतर कळलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी आरोग्य केंद्राची माणसं वसतिगृहात येऊन गेली होती. सगळ्या मुलींच्या बोटाला सुई टोचून सिकलसेलची तपासणी केली. ज्यांच्याबद्दल शंका होती त्यांचं रक्त पुन्हा तपासायला पालघरला गेलं. हे सगळं योग्यच होतं. आमच्या डोंगरपट्ट्यात हा आजार आहे आणि तो वेळेत कळला तर माणूस वाचतो. रिपोर्ट सुट्टीनंतर ऑफिसात आले. मी विज्ञान शिकवते, तरी मला कुणी ते दाखवले नाहीत.

मला कळलं ते वर्गात. रोगांच्या पाठाची उजळणी चालली होती. मी विचारलं, हिवतापाचा वाहक कोण? एरवी डास म्हणून ओरडायला अख्खा वर्ग तयार असतो. त्या दिवशी कुणी तोंड उघडेना. मागून एक बारीक हसू आलं आणि सगळ्या माना दाराकडे वळल्या. दाराजवळच्या शेवटच्या बाकावर ही एकटी बसली होती. दुसऱ्या बाकावरून ती तिथे कधी गेली हे मी पाहिलंही नव्हतं. ती उभी राहिली.

"बाई, मी डास हाय का?"

मला वाटलं, नेहमीचा आगाऊपणा. खाली बस म्हणणार होते, पण या वेळी कुणीच हसलं नाही. ती रडतही नव्हती. उत्तर हवं म्हणून विचारावं तशी माझ्याकडे बघत उभी होती. नाही, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "मंग माजं ताट येगळं का केलंय?"

मधल्या सुट्टीत मी वसतिगृहाच्या जेवणघरात गेले. प्रत्येक मुलीच्या ताटाच्या काठावर तिचा नंबर ठोकलेला असतो. हिच्या ताटावर नंबराच्या शेजारी लाल नेलपॉलिशची जाड रेघ होती. पेल्यावरही तशीच. बाकी मुली पंगतीत बसलेल्या आणि ही व्हरांड्याच्या टोकाला, नळापाशी. स्वयंपाकाच्या मावशी तिला आमटी वाढत होत्या ती उंचावरून, डाव ताटाला लागू नये म्हणून हात वर धरून. आमटीचे थेंब तिच्या गुडघ्यावर उडत होते.

ते उंचावरून वाढणं मी ओळखते. माझं माहेर पालघरजवळच्या माहीमचं, वाडीचं. पानवेली, नारळी, केळी. वाडीत कामाला डोंगराकडच्या बायका यायच्या. त्यांना पाणी असंच दिलं जायचं, वरून ओंजळीत, तांब्या हाताला लागू न देता. त्याला कुणी काही म्हणायचं नाही, आणि त्याचं कारणही कुणी सांगायचं नाही. इथे कारण सांगत होते, आणि ते विज्ञानाचं होतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वसतिगृहाच्या अधीक्षिकांना सगळे रेक्टरबाई म्हणतात. बाई वाईट नाही. एवढ्या मुली तिच्या एकटीच्या जिवावर असतात, कुणाला खरूज झाली तरी जाब तिला विचारतात. ती म्हणाली, मला का हौस आहे, सरांनी सांगितलं, पोरगी वाहक निघालीय, बाकीच्यांना होऊ नये म्हणून करा. नेलपॉलिश कुणाचं, असं मी विचारलं. माझंच, म्हणाली, आणि खाली बघितलं.

मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी मला बसवलं, पाठ्यपुस्तक काढलं आणि पान उघडून माझ्यासमोर सरकवलं. डासाचं चित्र होतं. खाली छापलं होतं, की रोगाचे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे नेणारा तो वाहक. मग त्यांनी रिपोर्ट ठेवला. त्यातही वाहक. त्यांनी दोन बोटं दोन शब्दांवर ठेवली आणि माझ्याकडे बघितलं, सगळं सिद्ध झाल्यासारखं. म्हणाले, शब्द तोच आहे, मॅडम.

एवढ्यावर. डासाचा पाठ लिहिणाऱ्याने वाहक लिहिलं आणि रक्ताचा रिपोर्ट लिहिणाऱ्यानेही वाहक लिहिलं, दोघे एकमेकांशी कधी बोलले नसावेत, आणि त्या दोघांच्या मधल्या फटीत आमची पोरगी नळापाशी जेवत होती. मराठीत शब्दांचा दुष्काळ पडलाय का? त्याच पुस्तकात या आजाराला दात्रपेशी पांडुरोग म्हटलंय. दात्र म्हणजे विळा, हे किती जणांना माहीत असतं? माझ्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतं, की बाई, हा दातांचा रोग का? कुणी विचारतं, पांडवांना झालेला का? विळा म्हटलं असतं तर डोंगरावरच्या प्रत्येक पोरीला एका शब्दात समजलं असतं. त्या विळा हातात धरून मोठ्या होतात. पण नाही. पुस्तकाला विळा चालत नाही.

मी त्यांना समजावलं. वर्गात समजावते तसंच, कारण दुसरं मला येत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, माणूस दुखण्याने तळमळतो. हे ठरतं जनुकांवर. प्रत्येक जनुक आपल्याकडे जोडीने असतं, एक आईचं, एक बापाचं. दोन्हीकडून बिघडलेलं आलं तर आजार. एकाच बाजूने आलं तर दुसरं चांगलं जनुक काम सांभाळून घेतं आणि माणूस ठणठणीत असतो. हिचं तसं आहे. पुढे लग्न ठरताना समोरच्या मुलाचं रक्त तपासून घ्यावं, कारण दोघेही असे असले तर त्यांच्या प्रत्येक मुलाला धोका असतो. संपलं. शिंकून, शिवून, एका ताटात जेवून ती हे कुणालाही देऊ शकत नाही. पोटच्या पोराशिवाय कुणालाच नाही.

ते ऐकत होते. ऐकून म्हणाले, हो, पण वाहक म्हणजे नेणाराच ना. मी म्हटलं, एसटीत कंडक्टरच्या सीटवरही वाहक असंच रंगवलेलं असतं, उद्यापासून त्यालाही वेगळं ताट द्या. त्यांनी पुस्तक मिटलं. म्हणाले, विनोद पुरे, मी वडिलांना फोन केलाय, शनिवारी येऊन घेऊन जातील. वाहक नसल्याचा दाखला आणला की परत घेऊ.

वाहक नसल्याचा दाखला. हे वाक्य बी.एस्सी. झालेल्या माणसाने माझ्यासमोर उच्चारलं. ती जन्माला यायच्या आधी ठरलेली गोष्ट, मरेपर्यंत तशीच राहणार. तिच्या डोळ्यांचा रंग बदलल्याचा दाखला मागा, असं मी म्हटलं आणि उठले. दार आपटलं. ते नेहमी आपटतं, पण त्या दिवशी मी मुद्दाम आपटलं.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना फोन लावला. तरुण माणूस. आधी हसला, मग शिवी देणार होता, ती गिळली. मी येऊन सांगतो म्हणाला. मुख्याध्यापक म्हणाले, तोंडी नको, वरच्या ऑफिसचं पत्र हवं. पत्र येणार कधी तर येईल तेव्हा. आणि शनिवार परवावर आला होता. घरची माणसं भट्टीवर जायच्या तयारीत होती. शनिवारी ती घरी गेली असती तर सोमवारी भट्टीवर गेली असती, आणि पुढच्या पावसात तिला शाळेत घालायचं कुणाच्या ध्यानातही राहिलं नसतं. हे मला कळत होतं. तिला माझ्याहून जास्त कळत होतं. तिने थोरलीचं झालेलं बघितलं होतं.

शनिवारी वडील आले. धुतलेला शर्ट, हातात पिशवी. मुलीची पत्र्याची पेटी व्हरांड्यात काढून ठेवलेली होती. ऑफिसात मुख्याध्यापक, रेक्टरबाई आणि मी. वडिलांना कुणी बस म्हणेना, तेव्हा मी खुर्ची ओढून दिली. ते टोकावर बसले. मुलगी दाराबाहेर उभी होती, चौकटीला धरून. मुख्याध्यापक खबरदारी, इतर मुलींचं हित, असं बराच वेळ बोलले. बाप मान हलवत राहिला. माझी वेळ आली तेव्हा मी जनुकांचं सांगायला लागले, तर त्याने मला मध्येच थांबवलं.

"बाई, तिला ताप बिप येतो?"

नाही, म्हटलं.

"काम करंल? धावंल?"

सगळं करेल, म्हटलं.

"दुसऱ्या पोरींना लागंल?"

नाही लागणार, मी म्हटलं, काही झालं तरी नाही लागणार.

"मंग न्यायची कशाला?"

तो भांडत नव्हता. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. एवढ्या लांबून, कामाचा दिवस मोडून तो आला होता. त्याने माझ्याकडे बघितलं, मग मुख्याध्यापकांकडे. मुख्याध्यापक म्हणाले, तो नियम आहे. कुठला, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग मी बोलले. आधी ठरवलं नव्हतं. म्हटलं, "सर, मी पण वाहक आहे."

त्यांना कळलं नाही. मी नीट सांगितलं. माझ्या पहिल्या बाळंतपणाच्या आधी रक्त तपासलं तेव्हा निघालं, थॅलेसेमियाची वाहक. आजार निराळा, गणित तेच. जोडीतलं एक जनुक बिघडलेलं, दुसरं काम सांभाळतं. नवऱ्याचं रक्त तपासलं, ते चांगलं निघालं, डॉक्टर म्हणाले निर्धास्त राहा. माझ्या रिपोर्टवरही वाहक हाच शब्द आहे. "आणि माझ्या डब्यातली जवळ्याची चटणी तुम्ही कित्येक वर्षं बोटांनी खाताय. रेक्टरबाई माझ्या पेल्यातून पाणी पितात. तुमच्यापैकी कुणाला काही झालं?"

मुख्याध्यापकांच्या चेहऱ्यावरचा ताण गेला. मला आजही ते आठवतं आणि मुठी वळतात. त्यांना सुटल्यासारखं वाटलं. मान हलवून, अगदी आपुलकीने, मला धीर द्यावा तसे म्हणाले, "मॅडम, तुमचं वेगळं."

मी विचारलं, वेगळं कसं? त्यांनी रेक्टरबाईंकडे बघितलं. त्या भिंतीवरच्या नकाशाकडे बघत होत्या. ते म्हणाले, तसं नाही, तुमच्या घरचं वळण, तुमची स्वच्छता, आणि तिथे थांबले, कारण धुतलेला शर्ट घातलेला माणूस समोर बसला होता. तो आपल्या हातातल्या पिशवीकडे बघत होता. त्याला सगळं समजलं होतं. हे समजायला जनुकं लागत नाहीत.

मी रेक्टरबाईंना म्हटलं, ती नेलपॉलिशची बाटली आणा. माझ्या डब्याला, माझ्या पेल्याला आणि या माझ्या खुर्चीला मी स्वतः रेघ मारते, आणि सोमवारपासून नळापाशी बसून जेवते. आणा. माझा आवाज व्हरांड्यात गेला होता. मुली गोळा झाल्या होत्या. रेक्टरबाई जागच्या हलल्या नाहीत. मुख्याध्यापकांनी रुमाल काढला, चेहरा पुसला, आणि म्हणाले, ठीक आहे, वरून पत्र येईपर्यंत राहू द्या. चुकलं असं म्हणाले नाहीत. अजूनही म्हणालेले नाहीत. पत्र आलं आणि फायलीत गेलं.

वडिलांनी मला विचारलं, पेटी उचलायची का ठेवायची? ठेवायची, मी म्हटलं. त्यांनी स्वतः ती आत नेऊन ठेवली, मुलीला नीट राहा म्हणाले आणि गेले. खुर्चीवर ते पुन्हा बसले नाहीत. आम्ही त्यांना चहासुद्धा विचारला नव्हता, हे मला ते फाटकाबाहेर गेल्यावर सुचलं आणि स्वतःचाही राग आला.

रेक्टरबाईंनी रॉकेल लावून ताट घासलं. रेघ गेली, थोडा गुलाबी डाग राहिला. संध्याकाळी मुलगी पंगतीत बसली आणि मावशींचा डाव खाली आला, असं मला दुसऱ्या मुलींनी सांगितलं.

सोमवारी मी फळ्याच्या मधोमध रेघ ओढली. एका बाजूला डास काढला, दुसऱ्या बाजूला रक्ताची पेशी, एक गोल आणि एक विळ्यासारखी. खाली दात्र लिहिलं, ते खोडून विळा लिहिलं. दोन्ही बाजूंना वरती वाहक लिहिलं आणि सांगितलं, की शब्द एक असला तरी गोष्टी दोन आहेत. डास रोग आणून दुसऱ्याला देतो. हा दुसरा वाहक कुणाला काही देत नाही, फक्त आपल्या मुलांना आपल्यातलं अर्धं देतो, जसे आपण सगळेच देतो. मुली लिहून घेत होत्या. ती परत दुसऱ्या बाकावर होती, तिच्या वाईट अक्षरात भराभर लिहीत होती. मग तिने हात वर केला.

"बाई, तुमी वाहक. मी पन वाहक. मंग सर बोलले ना, तुमचं वेगळं, ते कुठं लिवायचं? डासाकडं का रक्ताकडं?"

पेनं थांबली. नंतर सांगते, असं म्हणता आलं असतं. मी म्हणाले नाही. तिच्याकडे बघून सांगितलं, की ते दोन्हीकडे लिहायचं नाही. ते रक्तात नाही. मी माहीमच्या वाडीतली आणि तू डोंगरावरच्या पाड्यातली, एवढं बघून ते ठरलं होतं. डास त्यांना पुस्तकात सापडला, एवढंच. सापडला नसता तर दुसरं काहीतरी सापडलं असतं.

तिने ते ऐकून घेतलं. पेन वहीवर तसंच टेकवलेलं होतं.

"बाई, हे परीक्षेला हाय?"

नाही, म्हटलं.

"मंग नाय लिवत," ती म्हणाली आणि पेनाचं टोपण लावलं. "हे मला येतं."